नमुन्याचं चित्र

गणपती पोचवून झाले की आमच्याकडचं ऊन बदलतं. पाऊस पुरता गेलेला नसतो, पण मधेच चार दिवस उघडीप पडते आणि अंगणातून वाफा निघायला लागतात. भात निसवून लोंब्या बाहेर आलेल्या असतात. घरामागची हळद कमरेएवढी झालेली असते आणि तिच्या पानांत शिरलं की अंगाला कडवट वास लागून राहतो. मग म्हाळाचा पंधरवडा, पितृपक्ष, सुरू होतो. आज ह्यांच्या घरी, उद्या त्यांच्या घरी. सकाळपासून वडे तळल्याचा, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास वाडीभर फिरतो, आणि माडांवर कावळे येऊन बसतात.

मला ह्या दिवसांत आणखी एक वास येतो. जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाईनचा. घरात आता ह्यातलं काही नाही. सुनेला विचारलं तर ती म्हणते, "आई, कसलो वास? वडे तळतंय मी." खरं आहे तिचं. पण भाद्रपदाचं ऊन पडवीत आलं की मला तो येतो, आणि हातातलं काम हातात राहतं.

आमचा धंदा म्हाळात चालायचा. गेलेल्या माणसांची चित्रं काढायचा धंदा.

हे मुंबईला नाटकांचे पडदे रंगवत. रंगाच्या धुरळ्याने आणि दमट खोल्यांनी छाती धरली, तेव्हा परत आले आणि मालवणच्या बाजारात एका गल्लीत पुढची खोली भाड्याने घेतली. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आमच्या गावांतून मोटार जायची ती दिवसातून एकदा, तीही पावसाळ्यात बंद. ह्यांनी दुकानाची पाटी स्वतः रंगवली. काय पाटी होती! अक्षरांना सावली अशी दिली होती की मुलं बोट लावून बघायची, अक्षरं खरंच वर आली आहेत का. पाटी बघायला माणसं थांबत. आत कुणी येत नसे.

"चांगल्या कामाक जाहिरात लागणा नाय," हे म्हणायचे. "लोक शोधीत येतले."

"पण लोकांका ठाऊक तरी व्हया मा, आपण हंय बसलांव ता."

माझं माहेर कट्ट्याचं. वडलांचं कापडाचं लहानसं दुकान होतं आणि बाजाराच्या दिवशी ते गाठोडं घेऊन बाहेर रस्त्यावर बसत. लुगड्याची घडी मोडून ते सरळ बाईच्या हातात देत. "बघ गो, विकत घेव नको, नुसता बघ," म्हणत. मी लहानपणापासून ते बघितलं होतं. एकदा वस्तू हातात गेली की माणसाला ती परत देववत नाही.

म्हणून मी आधी ह्यांच्याकडून एका मोठ्या पुढाऱ्याचं चित्र काढून घेतलं आणि ते दुकानाच्या दारात लावलं. लोकांनी त्याला येता-जाता नमस्कार केले. मग छापखान्यातून गुलाबी कागदावर हँडबिलं छापून घेतली आणि कट्ट्याच्या बाजारात वाटली. संध्याकाळी बघितलं तर त्यात सुक्या मिरच्या बांधून चालल्या होत्या. वाचायला येणारी माणसं थोडी, आणि ज्यांना येत होतं त्यांचा एकच प्रश्न, "फोटोसारख्या येता काय?"

त्यांची चूक नव्हती. पुढारी काय, देव काय, ते कॅलेंडरवर सगळ्यांनी बघितलेले. आपल्या माणसाचं तोंड ह्या माणसाला काढता येईल का, हे त्यावरून कसं कळणार?

कळेल असं चित्र आमच्या घरात एकच होतं.

दत्तू आमचा पहिला. घटसर्पाने गेला. सकाळी घसा दुखतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आवाजच फुटेना. पुढचं मी लिहीत नाही. त्याचा फोटो नव्हता. तेव्हा कुणाच्या मुलांचे फोटो असत? तो गेल्यावर हे घरात बोलेनासे झाले, मीही बोलेनाशी झाले. ह्यांनी मांजरपाटाला सरस आणि खडू लावून तो खिडकीत ताणला आणि पावसाळाभर दत्तूला काढत बसले. मला जवळ येऊ दिलं नाही. पुरं झालं तेव्हा भिंतीला लावलं आणि बाहेर निघून गेले. मी बघितलं, तर दत्तू. केस विंचरलेले, निळा सदरा, कुणीतरी हाक मारल्यावर मान वळवावी तसा वळलेला. मी पदर तोंडात कोंबून चुलीकडे जाऊन बसले.

तेच चित्र मी बाजारात न्यायचं म्हटलं.

"तो विकूचो नाय," हे म्हणाले.

"विकूक खंय नेतंय? दाखवूक नेतंय."

 हे नुसते कुंचले धूत राहिले. घरात त्या वेळी काय परिस्थिती होती ते दोघांनाही ठाऊक होतं. मी चित्र मेणकापडात गुंडाळलं आणि निघाले.

कट्ट्याच्या बाजारात मी वडलांच्या दुकानासमोर ते उभं केलं. सुकी मासळी विकणारी एक बाई टोपली उतरवून समोर आली. बराच वेळ बघत राहिली.

"कोणाचो गो झील?"

"माझो," मी म्हटलं. "चार वर्सांचो होऊन गेलो. फोटो खंयचो? बापसान आठवान काढल्यान."

ती मटकन तिथेच बसली. तिचा नवरा मागल्या साली गेला होता. त्याचाही फोटो नव्हता. "माज्या घोवाचा काढतले?" तिने विचारलं, आणि मी चित्र तिच्या हातात दिलं. वडील दुकानातून बघत होते. त्यांनी मान खाली घातली.

तेव्हापासून कामं यायला लागली. आधी कट्टा, मग कसाल, मग खाडीकाठची गावं. बाईमाणसाने असं फिरावं का, ह्यावर लोक बोलायचं ते बोलले. मी माणसं आणायची, हे त्यांच्याकडून एक-एक गोष्ट काढून घ्यायचे. नाक कुणासारखं होतं? भावासारखं. मग भावाला बसवा. कपाळ? बहिणीसारखं. मग बहिणीला बोलवा. जिवंत माणसांच्या तोंडांतून थोडं थोडं उचलून हे मेलेल्याचं तोंड उभं करत. चित्र घेऊन गेलो की घरातलं कुणीतरी हंबरडा फोडायचं. हंबरडा ऐकला की मला कळायचं, काम पसंत पडलं.

हो, मी तसंच मोजायचे. लोक म्हाळाच्या आत चित्र मागायचे, म्हणजे पान वाढताना समोर माणूस हवा. श्रावणापासूनच आमची घाई सुरू व्हायची. दुकानात दोरीवर मांजरपाट वाळत असायचे आणि भिंतीला टेकून ओळीने बसलेली ती माणसं, कुणाचे डोळे व्हायचे असत, कुणाची टोपी.

मी दत्तूला घेऊन गावोगाव फिरत होते आणि प्रत्येक दारात तेच सांगत होते. "माझो झील. चार वर्सांचो होऊन..." इथे थांबायचं. पदर सारखा करायचा. मग "गेलो" म्हणायचं. हे मी ठरवून केलं नव्हतं. पहिल्या वेळी खरंच घसा दाटला होता म्हणून थांबले होते. पण मग त्याच जागी थांबायची सवय झाली, आणि समोरच्या बाईचे डोळे त्याच जागी भरायचे. एकदा कसालला एका घराच्या पायरीवर सांगत असताना माझ्या मनात आलं की वाटेत नारळ घ्यायचे राहिले. तोंड दत्तूबद्दल बोलत होतं आणि मी नारळाचा विचार करत होते. बाई रडली, चित्र काढायला सांगितलं. मी खाली उतरले आणि छातीत काहीतरी दुखायची वाट बघत चालले. काही दुखलं नाही.

दुसरंही एक झालं. कुणी आजारी असल्याचं ऐकलं की मी ते लक्षात ठेवू लागले. एकदा खाडीकाठच्या गावात एका घरासमोर उभी राहिले. तिथला माणूस अंथरुणावर आहे हे मी ऐकलेलं होतं, पण गेले होते ते शेजारच्या घरासाठी. त्याची बायको दारात आली. माझ्या हातातलं मेणकापड तिने बघितलं आणि ओरडली, "जिवंत आसा अजून तो! खंयसून वास लागलो गो तुका? जा हंयसून!"

मी काही बोलायच्या आत दार लागलं. आतून माणसाच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मला घरापर्यंत ऐकू येत होता. त्यानंतर काही गावांत मी दिसले की बाया मुलांना आत बोलवायच्या. "पेंटराची बायल इली," असं हळू आवाजात बोललेलं मी ऐकायचे.

खोकल्याच्या त्या घराचं झालं त्याच्या आदल्या वर्षी आगोटीला एक गलबत बुडालं होतं. आगोट म्हणजे पाऊस तोंडावर आलेले दिवस. गलबतं शेवटची खेप उरकून घरच्या खाडीत शिरायची घाई करत असतात. हे गलबत मुंबईहून माल घेऊन निघालं आणि वाऱ्यात सापडलं. खलाशी एकाच वाडीतले. एकाचंही शव किनाऱ्याला लागलं नाही. वर्ष होईपर्यंत त्या वाडीने कुणाला मेलेलं म्हटलं नाही. वर्षश्राद्धं झाली, गणपती आले नि गेले, आणि म्हाळ तोंडावर आले तेव्हा त्या वाडीतून एकामागून एक निरोप यायला लागले.

ज्यांना दहन मिळालं नाही त्यांची निदान तोंडं भिंतीवर असावीत, असं त्या घरांना वाटत होतं. हे दिवसभर काम करत. खोकला वाढला होता. मी निरोप नेत-आणत होते.

त्यातलं एक घर भागीकाकीचं. तिचा एकुलता मुलगा सोमा त्या गलबतावर होता. लग्न व्हायचं होतं. काकीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरी ती आणि तिची मुलगी सुलू, जी माहेरी येऊन राहिली होती. चित्र काढायला सुलूने सांगितलं होतं.

हे काकीसमोर बसले आणि नेहमीसारखं विचारू लागले. "काकी, सोमा कसो दिसायचो?"

"कसो म्हणजे? पायात वाळो घालून खळ्यात धावायचो. पडायचो. मी उचलूक गेलंय की हसायचो."

"ता ल्हानपणचा झाला. आता मोठो झाल्यावर? मिशी होती?"

"आसतली," काकी म्हणाली. "माका हाताक लागायची."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सोमा मोठा होत गेला तशी तिची नजर जात गेली होती. त्याचं तरुणपणचं तोंड तिने बघितलेलंच नव्हतं.

ह्यांनी मग सोमाच्या दोस्तांना विचारलं, सुलूला समोर बसवलं, आणि चित्र काढलं. आम्ही ते घेऊन गेलो तेव्हा वाडी जमली. गलबतं चालवलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "सोमाच तो," तो म्हणाला. सुलू खांबाला धरून रडत होती.

काकीने चित्र मागून घेतलं. उन्हात घरापुढच्या खळ्यात जाऊन बसली, डोळ्याच्या अगदी जवळ धरून ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू सरकवलं. मग खाली ठेवलं.

"बरा काढलास," ती ह्यांना म्हणाली. "पण हो माझो सोमा न्हय."

ह्यांनी ते परत नेलं, डोळे बदलले, हसू दिलं. पुन्हा तेच. "कोणाचो तरी झील आसा. माझो न्हय." सुलू ओशाळली. "वैनी, तुमी ठेवन जावा. आवशीचा आयकू नकात," ती मला म्हणाली. पण ह्यांना ते पटलं नाही. चित्र एकदा आईने नाकारलं की ते ह्यांच्या लेखी अपुरं होतं.

तिसऱ्या खेपेला मी दत्तूलाही बरोबर घेतलं होतं, कारण पुढे आणखी एका घरी जायचं होतं. काकीने सोमाचं चित्र पुन्हा बघितलं, पुन्हा खाली ठेवलं, आणि चाचपडत उठताना तिचा हात खांबाशी ठेवलेल्या मेणकापडाला लागला. "ह्या काय?" म्हणून तिने ते ओढून सोडलं. मी पुढे होईपर्यंत तिने आतलं चित्र उन्हात नेलं, डोळ्याशी धरलं. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि मग तिथेच थांबली.

"हो," ती म्हणाली. "हो माझो सोमा."

"आवशी," सुलू कळवळून म्हणाली, "तो वैनीचो झील गे. तेंचो दत्तू."

काकीने ऐकलं. तिला समजलंही असावं, कारण तिने माझ्या दिशेने तोंड वळवलं. "बाय माझे," ती म्हणाली, "तुका दिसता मगे तो? माका खंय दिसता?" आणि चित्र छातीशी धरून बसली.

 एवढी वर्षं दारोदार बोलणारी मी, मेणकापडाची घडी घालत राहिले. हे पुढे झाले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काकी, रवांदे तो तुमच्याकडे," हे म्हणाले.

परत येताना खाडीच्या तरीवर आम्ही दोघंच होडीत होतो, वल्हवणारा तरीवाला सोडला तर. सोमाचं चित्र माझ्या मांडीवर होतं.

"माका इचारलात?" मी म्हटलं. 

ह्यांनी पाण्याकडे बघत म्हटलं, "तू तेका गावोगाव नेलंस. माका इचारलंस?"

 होडी मधोमध आली तेव्हा हे म्हणाले, "थंय तेका कोणतरी रोज बघतला." आणि मग खोकला आला, तो पैलतीर येईपर्यंत थांबला नाही.

पुढच्या बाजाराला मी सोमाचं चित्र घेऊन गेले. ह्यांनी काढलेल्यांतलं ते सगळ्यात सफाईदार चित्र असेल. एका बाईने थांबून विचारलं, "कोणाचो गो?" माझा नव्हे. जिचा, तिला नको होता. बाई थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. मी मेणकापड बांधलं. त्यानंतर नमुना घेऊन मी कुठे गेले नाही.

दोनेक वर्षांत कॅमेरेवाला आलाच. मुंबईहून येणारे चाकरमानी खिशातून लहान फोटो काढून मोठे करून आणू लागले. ह्यांना जामसंड्याला एका शाळेत चित्रकलेची नोकरी मिळाली. मुलांना फुलदाणी काढायला शिकवायचे. सुट्टीत होड्यांवर नावं रंगवायचे. माणसाचं तोंड ह्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मीही काढा म्हटलं नाही. भागीकाकी गेली तेव्हा सुलूने निरोप पाठवला की चित्र नेऊन जा. आम्ही गेलो नाही. ते तिथे सोमा म्हणून टांगलेलं होतं, त्याला हार घातला जात होता. लहान मुलांचे म्हाळ घालत नाहीत. आमच्या घरी दत्तूचं पान कधी वाढलंच नसतं.

पण मला सांगायचं आहे ते ह्या सगळ्याच्या आधीचं, चित्र देऊन आलो त्याच पंधरवड्यातलं. सर्वपित्रीचा दिवस. सासऱ्यांचा म्हाळ उरकला होता, कावळा शिवून गेला होता. मी मागच्या दारी भांडी घासत होते. हळदीवर ऊन होतं. आणि काही कारण नसताना मला दत्तू दिसला. चित्रातला नव्हे. चित्रातल्याचे केस विंचरलेले होते. ह्याचे केस चिकट होते, नाक वाहत होतं, गूळ खाऊन पुढचे दात किडलेले होते, आणि भुवईवर खरूज होती जी तो सारखी खाजवायचा आणि मी त्याच्या हातावर चापट मारायचे. त्याचा हात माझ्या हाताला लागला तसा लागला.

मी तांब्या सोडला आणि ओरडले. कशी ओरडले ते मला ठाऊक नाही. हे धावत आले, बोटांना निळा रंग तसाच. मला काय झालं ते विचारलं नाही. मी म्हटलं, "तेच्या भुवयेर खरूज होती. तुमी ती काढूकच नाय."

हे तिथे ओल्या दगडावर बसले. "नाय काढलंय," हे म्हणाले. "माका काढवली नाय." मग बोटांवरचा निळा रंग पुसत म्हणाले, "तेच्या डाव्या कानामागे तीळ होतो. तो पण नाय काढलंय."

"माका ठाऊक नाय तो तीळ."

"होतो. माज्या खांद्यार बसायचो तेव्हा दिसायचो."

मग हे आणखी सांगत गेले आणि मीही. तो बोबडं काय बोलायचा. कुठल्या गाईला घाबरायचा. शेवटच्या दिवशी आवाज नसताना त्याने ह्यांच्या बोटाला कसं धरलं होतं. त्याचं नाव आम्ही दोघांनी एकमेकांसमोर तो गेल्यापासून घेतलं नव्हतं. भांडी तशीच पडली, त्यांवर कावळे येऊन गेले. शेजारीण कुंपणापर्यंत आली आणि आम्हाला बघून परत फिरली; तिला वाटलं, घरात कुणीतरी गेलं.

दत्तू जाऊन तोवर वर्षं लोटली होती. आमच्या घरातलं रडणं त्या दिवशी झालं.